ज्या पारड्यात बाळ निजले

मी एक जुना तराजू आहे. आसगावातल्या धानाच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत फाटके पोते पांघरून पडलो आहे. मित्रांनो, तुम्ही पाहिलेला तराजू किराणा दुकानातला असेल, गुळाखोबऱ्याचा, खेळण्याएवढा. मी तसला नव्हे. माझ्या एका पारड्यात चाळीस किलो धानाचा कट्टा, म्हणजे भरलेले पोते, आरामात बसे. म्हातारा झाला की जो तो आपल्या ताकदीच्या गोष्टी फार सांगतो. तराजूचेही तसेच असते, चालवून घ्या.

माझी पारडी भंडाऱ्याच्या एका कासाराने पितळ ठोकून केली. दांडी लोहाराची, साखळ्याही त्याच्याच. आसगावच्या या दुकानात मला ओसरीच्या सागवानी तुळईला टांगले, त्या वेळी ताराचंद रांगत होता. त्याचे वडील माझ्यावर धान तोलत. दरवर्षी वजनमापाचे साहेब येत, मला तपासत आणि शिक्का मारून जात. एकदाही मी नापास झालो नाही. 'या दुकानातला काटा म्हणजे देवाचा काटा,' असे करडीपर्यंतचे लोक म्हणत. करडी आसगावापासून किती लांब आहे हे तुम्हांला ठाऊक असेल, तर माझी छाती का फुगत असे ते कळेल.

वडील वारले आणि दुकान ताराचंदकडे आले. तोलण्यात तो वडिलांच्या वरताण निघाला. पहिला कट्टा तोलताना 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, ही रीत त्याने पाळली. भरलेल्या कट्ट्याच्या वजनातून बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे वजन तो डोळे मिटूनही वजा करी. नवे पोते, जुने पोते, ओले पोते, प्रत्येकाचे वजन त्याला तोंडपाठ. त्याच्या हातून चूक होईल असे कुणी म्हटले असते तर मीच हसलो असतो.

मग एकोणीसशे शहात्तर साल आले. मार्गशीर्षात, ऐन धानाच्या दिवसांत, त्याच्या घरी मुलगी झाली. त्याची बायको विजयमाला हिला आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच झाले. ताराचंदची आई कुंताबाई सगळे निस्तरत होती. घरची रीत अशी की बारा दिवस बाळंतिणीने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही आणि बापाने आत पाऊल टाकायचे नाही. सकाळी कुंताबाई बाळाला कोवळ्या उन्हात बाहेर आणी, तेवढेच काय ते बापलेकीचे दर्शन.

आणि त्या माणसाच्या पायाला भिंगरी लागली. एक कट्टा पारड्यात ठेवी आणि बाळंतिणीच्या दाराशी जाई. परत येई, माप उचली, पुन्हा जाई.

"माय, पोरगी रडून काहून राहिली?"

"भूक लागली असंन."

थोड्या वेळाने रडणे थांबले की हा पुन्हा दाराशी. "माय, आता रडत कायले नाही?"

"अरे बाबा, रडली तरी तुले चिंता, निजली तरी तुले चिंता! पोरीनं करावं तरी का?" कुंताबाई आतून करवादली.

डोमा नावाचा एक हमाल दुकानात कट्टे उचलायला होता. ताराचंदच्या वडिलांच्या वेळचा माणूस, त्यामुळे त्याच्या जिभेला लगाम नव्हता. "सेठ, हा चौथा होय का पाचवा? तुमी लाभ म्हटलं अन् मंग तीनदा दोन म्हटलं," तो म्हणाला. धान घेऊन आलेले शेतकरी खो खो हसले. ताराचंदने सगळे कट्टे पुन्हा पहिल्यापासून तोलले.

चौथ्या दिवशी सकाळी कुंताबाईने बाळ त्याच्या हातात दिले आणि ती अंघोळीचे पाणी पाहायला गेली. थंडी कडाक्याची होती, बाळ जाड वाकळीत गुंडाळलेले होते, नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. ताराचंदने इकडेतिकडे पाहिले. चोराच्या मनात चांदणे! तान्हे लेकरू तोलू नये, तोललेल्या लेकराला नजर लागते, असे गावात मानतात आणि कुंताबाई तर ते शपथेवर मानते. पण ज्याने जन्मभर तोलण्यावरच विश्वास ठेवला, त्याला आपले मूल ठीक आहे हे दुसरे कोण सांगणार? त्याने माझे पारडे धोतराच्या सोग्याने पुसले आणि बाळाला अलगद त्यात ठेवले.

मित्रांनो, माझ्या पारड्यात तोवर धान पडले होते, लाखोळी पडली होती, जवस पडला होता. पण कुणी निजले नव्हते. ती निजली. मी श्वास रोखला, म्हणजे साखळ्यांची कुरकुर होऊ दिली नाही. तीन किलो तीनशे. ताराचंदने दुसऱ्या पारड्यातली मापे तीनदा मोजली आणि दिवसभर शीळ घालत हिंडला. डोमाला मात्र त्याने त्या दिवशी फुकट दोनदा चहा पाजला आणि कारण सांगितले नाही.

ती शीळ दोन दिवस टिकली. मग त्याला वाटू लागले, पोरीचे गाल बसले. तिच्या नखांचा रंग बरोबर नाही. ती जांभई फार देते. एका शेतकऱ्याने आपल्या भाच्याची गोष्ट सांगितली, 'लेकरू वाळत गेलं,' आणि त्या दिवशी ताराचंदच्या घशाखाली भाकर उतरली नाही.

नवव्या दिवशी सकाळचे ऊन हुकले, कुंताबाईने बाळ दुपारी ओसरीवर आणले आणि त्याने संधी साधली. बाळाला तेल लावून न्हाऊ घातले होते, ऊन चढले होते म्हणून लुगड्याच्या जुन्या तुकड्यात तेवढे गुंडाळले होते. कुंताबाई शेगडी भरायला वळली आणि याने बाळ माझ्या पारड्यात ठेवले. दोन किलो आठशे.

त्याने मापे उतरवली, पुन्हा चढवली. मग बाळ उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवले आणि मापे या पारड्यात. तराजू खोटा असेल तर असा पकडला जातो. मी खोटा नव्हतो. दोन किलो आठशे.

"माय, पोरगी पाच दिवसांत अर्धा किलो उतरली!" तो ओरडला.

कुंताबाईने आधी कपाळावर हात मारून घेतला, लेकरू तोलले म्हणून. मग ऐकले ते वजन, आणि तिचाही धीर सुटला. मायलेकांचे बोलणे दारातून आत गेले. आईचे दूध पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तो कुणी मोठ्याने म्हटला नाही, पण खोलीत विजयमालाच्या पुढचे ताट त्या संध्याकाळी तसेच परत आले. दुसऱ्या दिवशीही आले. जेवली नाही तर खरेच दूध आटेल, हे कुंताबाईला कळत होते, तिने विनवून पाहिले. आतून फक्त हुंदका आला.

मला तोंड असते तर! मी खरे सांगितले होते, एक ग्रॅम इकडचे तिकडे केले नव्हते, आणि त्या माझ्या खऱ्याने एका आईचा घास कडू केला होता. देवाचा काटा म्हणवून घेणाऱ्या मला त्या दोन दिवसांत गळून खाली पडावेसे वाटले.

ताराचंद पवनीला जाऊन डब्याचे दूध आणि पाजायची बाटली घेऊन आला. अकराव्या दिवशी सकाळी त्याने स्वतः बाटली उकळली. दूध कोमट झाले. बाळ कुंताबाईच्या मांडीवर होते आणि ती बाटलीकडे बघत होती, नको म्हणायचे की हो म्हणायचे ते तिचे ठरत नव्हते. डोमा कट्टा खाली ठेवून उभा राहिला होता.

तेव्हा खोलीचे दार उघडले. कानाला फडके बांधलेली, भिंतीचा आधार घेत विजयमाला उंबरा ओलांडून ओसरीवर आली. बारावा दिवस व्हायचा होता, पण कुंताबाईने तिला अडवले नाही.

"थांबा," विजयमाला नवऱ्याला म्हणाली. "पहिल्या खेपेला किती भरली होती पोरगी?"

"तीन किलो तीनशे."

"अंगावर का होतं तिच्या?"

"वाकळ. मायनं गुंडाळली होती थंडीची."

"अन् परवा?"

"लुगड्याचा तुकडा..." ताराचंद म्हणाला आणि थांबला.

"रोज कट्ट्याकट्ट्याचा बारदाना वजा करता तुमी," विजयमाला म्हणाली. "माह्या पोरीची वाकळ कायले नाही वजा केली?"

ताराचंदने वाकळ आणली आणि माझ्या पारड्यात टाकली. सातशे ग्रॅम. मग लुगड्याचा तुकडा. शंभर. असला हिशेब त्याला डोळे मिटून येत असे, पण त्या दिवशी तो बोटांवर मोजत बसला. तीन तीनशेतून सातशे गेले, दोन सहाशे. दोन आठशेतून शंभर गेले, दोन सातशे.

"शंभर ग्रॅम वाढली," तो म्हणाला. "विजू, वाढली ना वो पोरगी." आणि तो माझ्याखाली, सांडलेल्या धानातच बसून रडला. डोमाने तोंड फिरवले आणि उगाच एका कट्ट्याचे तोंड शिवू लागला. ते आधीच शिवलेले होते.

विजयमाला हसली नाही. तिने बाळ उचलून घेतले. "मले विचारलं असतं त सांगतलं असतं. पिते पोटभर. पोट भरलं का आपणच तोंड फिरवते अन् निजते. पण तुमी मले नाही विचारलं. याले विचारलं." असे म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवले. मित्रांनो, वजनमापाचे साहेबसुद्धा माझ्याकडे असे बोट दाखवून कधी बोलले नव्हते. मला फार शरम वाटली.

ताराचंदची मान खाली होती. "चुकलंच माहं," तो म्हणाला. कुंताबाईने बाटली फळीवर टाकली आणि भाताची पेज आणायला चुलीकडे धावली. विजयमालाने ती तिथेच, ओसरीवर बसून, सगळ्यांच्या देखत प्यायली. डब्यातल्या दुधाचा पुढे पंधरा दिवस डोमाला चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी बारसे झाले आणि विजयमालाच्या आईचे नाव, रुखमिणी, मुलीला ठेवले.

माझी चांगली वर्षे त्यानंतरही सातआठ चालली. मग दुकानात जमिनीवर ठेवायचा नवा वजनकाटा आला. कट्टा नुसता वर ढकलायचा की वजन तयार. मला तुळईवरून सोडवले, मागे आणून ठेवले. पहिल्या पावसाळ्यात दांडीला गंज धरला, दुसऱ्यात एका पारड्याची साखळी तुटली. आता मला आठवणीने पाहायला येते ती रुखमिणीच. शाळेतून आली की कधी कधी पारड्यात बसून बोरे खाते.

तुम्हांला एवढीच विनंती, की घरात जुने काही पडले असेल तर त्याला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि घरात तान्हे बाळ आले, तुमच्या जिवाची घालमेल होऊ लागली, तर माझ्यासारख्याकडे धावू नका. मी तोलतो, पण कशासकट तोललेत हे मला कळत नाही. ज्या बाईच्या कुशीत ते बाळ आहे, तिला आधी विचारा आणि ती सांगेल ते खरे माना.

ताराचंद हे शिकला. रुखमिणीच्या पाठीवर चार वर्षांनी मुलगा झाला. त्या वेळीही तो दर घटकेला बाळंतिणीच्या दाराशी जाई, त्याच्या पायाची भिंगरी काही सुटली नाही. पण माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तो दाराबाहेर उकिडवा बसे आणि हळूच विचारी, "पोट भरलं का वो त्याचं?"

आतून विजयमाला म्हणे, "भरलं."

मग तो उठून कामाला लागे.