आपल्यात लागणारं सामान

चंपत वानखेडेला भिलाईत क्वार्टर मिळालं तेव्हा साठ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्याआधी चार वर्षं तो आणि कमला मरोद्याकडच्या मजुरांच्या झोपड्यांत राहिले. तिथं सगळे आपलेच लोक, भंडारा-वर्धा-अमरावतीकडून पोलादाचा कारखाना उभारायला आलेले. छप्पन साली दोघांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. झोपड्यांत दर रविवारी बुद्धवंदना होई आणि कमला पुढं बसून ती म्हणे. पुढं चंपत रेल मिलमध्ये क्रेन चालवायला लागला आणि त्याला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, दोन खोल्या मिळाल्या. नळ घरात, दिवा घरात. शेजार मात्र अनोळखी होता.

भिंतीपलीकडे सिंधुताई राहत. त्या मूळ दुर्गच्या, तिथं त्यांच्या घराण्याला तीन पिढ्या झालेल्या. नवरा हरिभाऊ कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. पहिल्याच दिवशी त्या चहा घेऊन आल्या आणि चंपतला विचारलं, "वानखेडे म्हणजे अमरावतीकडचे ना? कुणबी का?"

चंपत पेटीचं कुलूप काढत होता. वर न बघता तो म्हणाला, "हो, अमरावतीकडचेच."

अर्ध्या प्रश्नाला अर्धं उत्तर. खोटं तो बोलला नव्हता. पण त्या संध्याकाळी पेटीच्या तळाशी ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर वर आली नाही. भिंत ओली आहे, चुना वाळू दे, मग लावू, असं चंपत म्हणाला. चुना आठ दिवसांत वाळला. तसबीर पेटीतच राहिली.

पंधरा दिवसांनी सिंधुताई कमलाला दुर्गच्या बाजारात घेऊन गेल्या. कमला अशा बाजारात कधी गेलीच नव्हती. तिच्या गावचा दुकानदार तिच्या आईला मीठ वरून टाकत असे. आई पदर पसरी आणि जे पडेल ते घेऊन येई. काय आहे, कसं आहे, दुसरं दाखव, हे शब्द त्या दुकानात आईच्या तोंडून तिनं कधी ऐकले नाहीत. दुर्गला कापडाच्या दुकानात मालक दीनानाथनं सिंधुताईंना ओळखलं, दोघींना गादीवर बसवलं आणि कमलासमोर एकावर एक लुगडी उलगडत गेला. "हात लावून बघा, वहिनी," तो म्हणाला. कमलानं हात लावला. पोत कसा आहे ते तिच्या लक्षातही आलं नाही. कोणीतरी आपल्यासाठी घडी मोडतंय, एवढंच तिला कळत होतं.

एक राखाडी लुगडं तिला बरं वाटलं. सिंधुताईंनी ते बाजूला सारलं. "छे, हे कामाला येणाऱ्या बाया नेसतात. आपल्यात हिरवं लागतं." कमलानं हिरवं घेतलं.

'आपल्यात' हा शब्द तिनं घरी आणला तो लुगड्यासारखाच जपून. शेजेवर पडून ती तो मनात म्हणून बघे. पुढच्या खेपेला सिंधुताई म्हणाल्या, आपल्यात समई लागते. कमलानं समई घेतली. संक्रांत आली. सिंधुताईंकडच्या हळदीकुंकवाला सेक्टरमधल्या अकरा बायका होत्या आणि कमलाही त्यांत होती. गेलं म्हणजे आपणही बोलवावं लागतं, म्हणून करंडा घेतला, वाण म्हणून बायकांना द्यायला बारा आरसे घेतले. एकीनं दिलेल्या वाटीहून आपला आरसा हलका दिसू नये याची काळजी तिनं आठवडाभर केली. एवढं झाल्यावर समई जमिनीवर बरी दिसेना, म्हणून सागवानी देव्हारा आला. रिकामा देव्हारा तर त्याहून वाईट दिसे.

चंपत हे सगळं बघत होता. तो रागावला असता तर कमलाला बरं वाटलं असतं. पण मिलमध्ये त्याच्या पाळीतले लोक आता डबा उघडून त्याच्या शेजारी बसत. तीही एक सवय झाली होती आणि ती मोडायची त्याची हिंमत होत नव्हती. देव्हाऱ्यात पितळी बाळकृष्ण बसला त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हाये, कमला. तूही घेतल्या."

"मी कुठं पूजा करून राहिली? नुसतं ठेवलं हाय."

"कोणासाठी?"

"तुमी सिंधुताईले जे सांगतलं ना, त्याच्यासाठी."

त्यावर चंपत उठून बाहेर गेला. त्यानंतर तो झोपड्यांतल्या वंदनेलाही जाईना. तिथलं कोणी भेटून विचारलं तर पाळी असते म्हणून सांगे. भादव्यात कमलानं दुर्गहून गणपती आणला. आरतीच्या वेळी चंपत दारापाशी हात जोडून उभा होता. हात जोडलेल्या नवऱ्याकडे बघताना कमलाला गावातल्या आपल्या बापाची आठवण झाली. बाप मालकाच्या ओट्याखाली असाच उभा राही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी चंपतची माय, ठकूबाई, गावाहून आली. भिलाईतल्या लोकांबरोबर तिथूनच नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं तिनं ठरवलं होतं. पांढरं लुगडं, हातात एक गाठोडं. दारातून आत येताच तिची नजर देव्हाऱ्यावर गेली. तिनं गाठोडं खाली ठेवलं नाही. तशीच उभी राहून तिनं लेकाला विचारलं, "हे कोणाचं घर हाय रे, चंपत?"

कमला पाणी आणायला आत गेली आणि तिथंच उभी राहिली.

तेवढ्यात सिंधुताई आल्या. सासूबाई येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या ताटलीत करंज्या घेऊन आल्या होत्या. हसून त्यांनी नमस्कार केला. ठकूबाईनं गाठोडं काखेत धरून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम, बाई."

सिंधुताईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. ताटली खिडकीत ठेवून, दूध चुलीवर आहे असं सांगून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपत कामावर गेल्यावर कमला रिकामी ताटली घासून सिंधुताईंकडे गेली. आपण फसवलं, मनात वाईट नव्हतं, असं काहीबाही तिनं रात्रभर जुळवून ठेवलं होतं. सिंधुताईंनी तिला बसायला सांगितलं आणि तिला बोलूच दिलं नाही.

"मला ठाऊक होतं, कमला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात कळलं. तू पाणी मागितलंस आणि पेला दिला तर घेतलाच नाहीस. ओंजळ पुढे केलीस. तुझ्या लक्षातही आलं नाही."

कमलानं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी कोणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. म्हणून तर तुला एकेक घ्यायला लावत गेले. घरात आपल्यासारखं चार सामान दिसलं की लोक खोदून विचारत नाहीत. आणि मलाही तुझ्या घरी यायला बरं वाटायचं." त्यांनी ताटली घेतली, कोनाड्यात ठेवली. त्या मनापासून बोलल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सासूबाई किती दिवस आहेत?"

कमला म्हणाली, दसरा झाला की जातील. एवढं बोलून ती उठली. अंगणातून घरी येईपर्यंत वीस पावलं होती. त्या वीस पावलांत तिला समजलं की सिंधुताईंना तिनं कधी फसवलंच नव्हतं. एकेक वस्तू आणून ती ज्यांच्यात शिरत होती, त्यांच्यातल्या पहिल्याच बाईनं तिला दाराशीच ओळखून ठेवलं होतं. समई, करंडा, आरसे, हिरवं लुगडं हे सगळं तिच्या घरासाठी नव्हतंच. सिंधुताईंना त्या घरात बसणं जड जाऊ नये म्हणून ते होतं. आणि तरी त्या बाईचा तिला राग येईना. गादीवर बसवून हात लावून बघा म्हणणारं दुसरं कोणी तिला आजवर भेटलं नव्हतं. राग येत नाही याचंच तिला रडू आलं.

ठकूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. कमला तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगून टाकलं. सासू तिला शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. ठकूबाई सुपातले खडे वेचत राहिली.

"मामी, काही तरी बोला."

"काय बोलू? तुले हौस होती, त्यानं तोंड बंद ठेवलं." मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "त्यातलं तुले काय आवडते?"

कमलाला सांगता येईना. एकही वस्तू नाव घेऊन सांगता येईना.

संध्याकाळी चंपत आल्यावर ठकूबाईनं त्याला पेटी उघडायला सांगितली. शेजारी कळेल, मिलमध्ये जाईल, पोरं झाल्यावर त्यांना कोणाबरोबर खेळायला मिळेल, असं तो हळूहळू बोलत होता. कमलानंच तसबीर काढली आणि खिळा ठोकला. हातोडीचा आवाज पलीकडे गेलाच असणार. देव्हारा तिनं आतल्या खोलीत नेला. बाळकृष्णाचं काय करायचं ते कोणाला सुचेना, म्हणून तो डाळीच्या डब्यामागं राहिला.

दसऱ्याला तिघं नागपूरला जाऊन आले. परत आल्यावर चंपतच्या पाळीतला एक जण डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसू लागला, बाकीचे होते तिथंच राहिले. चंपत ते दोनदा सांगे, एकदा वाईट वाटून आणि एकदा समाधानानं. सिंधुताई अंगणात दिसल्या की बोलत, तब्येत विचारत. बाजाराचं नाव त्या काढत नसत. सेक्टरमधल्या बायकांनी कोजागिरीला कमलाला बोलावलं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात ती एकटीच बसनं दुर्गला गेली. दीनानाथनं तिला ओळखलं, गादीवर बसवलं आणि न विचारताच हिरवी, मोतिया, जरीकाठी लुगडी काढली. "तुमच्यात हीच लागतात, वहिनी."

"ही नको."

"मग काय दाखवू?"

तो हात थांबवून तिच्याकडे बघत राहिला. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. कमला फळ्यांवरच्या घड्यांकडे बघत होती. सिंधुताईंना काय आवडलं असतं ते तिला लगेच सांगता आलं असतं. सिंधुताई कशाला नाक मुरडतील तेही. त्यापलीकडे तिच्या डोक्यात काहीच येत नव्हतं.

"आधी सगळं पाहू द्या," ती म्हणाली.

दीनानाथनं मान हलवली आणि मागच्या गिऱ्हाइकांकडे वळला. कमला बसून राहिली. जवळपास तासानं तिनं एक जाड सुती चादर मागितली, मातकट रंगाची, वर मोठाले पिवळे पोपट होते. दीनानाथला नवल वाटलं, पण त्यानं बांधून दिली.

बसमध्ये तिनं पुडकं दोनदा सोडून पाहिलं. पोपट जरा भडकच होते. चादर आपल्याला आवडली की नुसतीच घेतली, हे कारखान्याची धुराडी दिसायला लागेपर्यंत तिला ठरवता आलं नाही.