लाथ न मारणारी बंदूक

श्यामसुंदरपंतांच्या जिभेला हाड नाही, हे शनिवार पेठेत शेंबडं पोरही सांगायचं. दुकान बंदुकांचं, पण निम्मी मंडळी काडतुसं घ्यायला नव्हे, पंतांचे टोमणे ऐकायलाच बाकावर येऊन बसत. कुणी विचारलं, "काडतुसं ताजी आहेत ना?" की पंत वरही न बघता म्हणत, "आत्ताच तळून काढलीत. चटणी तेवढी घरून आणा." बाकावर हशा पिकायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते पेन्शनर अनंतराव.

त्याच जिभेनं एका माणसाचा घास घेतला, असं पंतांच्या मनानं घेतलं होतं. आणि आज त्या माणसाची बायको दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"मी मुक्ताबाई. वाघोलीची," ती म्हणाली. "सर्जेरावांची..." पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सर्जेराव आला होता. पुराचा गाळ नुकताच निघाला होता, भिंतींना अजून ओल होती. उंचापुरा गडी, फेटा बांधलेला, मिशीला पीळ. उद्या भावकीसमोर हत्यारं पुजायची, त्यात नवी रायफल ठेवायची, अशी त्याची हौस. पण बाकावरच्या मंडळींकडे पाठ करून तो हळूच म्हणाला होता, "साहेब, बैलगाड्याच्या शर्यतीत खांदा मोडलाय माझा. जरा कमी लाथ मारणारी बघा की. हरणाला चालंल, डुकराला बी चालंल."

अहो, केवढं शहाणपणाचं बोलला होता तो! पंतांच्या मागच्या फळीवर तश्शी रायफल होतीही. हात लांबवला असता तर काम झालं असतं. पण बाकावर चार माणसं बसलेली, आणि पंतांची जीभ वळवळली.

"असं होय!" पंत खणखणीत आवाजात म्हणाले. "मग सौभाग्यवतींसाठी हवीय, असं स्पष्ट सांगा ना!"

बाक नुसता गदगदला. सर्जेराव कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "सगळ्यात मोठी कंची हाय, ती काढा." पंतांनी चारशे पाच बोअरची काढली. दस्त्याला मागे पोलादी पट्टी, बार काढला की धडधाकट माणसालाही दिवसा तारे दाखवणारी. याचा खांदा मोडलेला आहे हे ऐकूनही पंतांनी ती बांधून दिली.

पुढच्या पौषात उसात डुक्कर शिरलं. सर्जेरावानं वीस पावलांवरून बार टाकला. गोळी मागच्या पायाला चाटून गेली, आणि चवताळलेलं जनावर त्याच्यावरच उलटलं. लोक म्हणाले, नशीब. पंतांना मात्र ठाऊक होतं. बंदूक लाथ मारणार म्हटल्यावर डोळा आधीच मिटतो आणि खांदा आधीच मागे सरतो. मग वीस पावलं काय नि दोन पावलं काय. माणूस गेला, परवाना संपला, आणि बंदूक ठेव म्हणून परत पंतांच्याच दुकानात आली. तेव्हापासून रोज सकाळी कपाट उघडलं की ती समोर दिसायची. पंतांचे टोमणे आटले. बाकही ओस पडत चालला.

"पिकाच्या राखणीचा परवाना माझ्या नावानं झालाय," मुक्ताबाईंनी कागद पुढे केला. "डुकरं आता दिवसाढवळ्या येत्यात. उसात पाऊल टाकायला गडी तयार न्हाई. मंग कुणी जायचं? मलाच जाया पायजे. पर त्यांची ती मोठी नको. माझ्या खांद्याला झेपंल अशी द्या."

त्याच उसात! नाही म्हणावं, परवान्यात काहीतरी खोट काढावी, असं क्षणभर मनात आलं. पण तिला नाही म्हटलं तर ती दुसऱ्या दुकानात जाणार, आणि तिथंही कुणी टोमणे मारणारा भेटणार.

त्यांनी आतून एक जुनी रायफल आणली. दस्ता हाताळून गुळगुळीत झालेला.

"हे बघा बाई, जनावर आवाजानं पडत नाही. नेमक्या जागी लागली तर पडतं. ही दोनशे पंच्याहत्तर बोअरची. गोळी बारीक, पण लांब. सरळ खोल शिरते. दारू बेताची, म्हणून धक्का कमी. हरणाला पुरते, सांबरालाही पुरते. डुकराला पुढच्या पायामागे लागली तर जागेवर बसेल. ह्याहून हलकी मी देणार नाही. ती हरणाला ठीक. डुक्कर नुसतं चिडेल."

रिकामी रायफल मुक्ताबाईंनी खांद्याला लावली आणि चाप ओढला. पापणी लवली नाही.

"ही कुणाची?"

"माझी. तीस वर्षं हीच वापरली."

मुक्ताबाईंनी रायफल खाली घेतली. "मंग त्यान्ला का न्हाई दिली?"

"तशीच एक त्या दिवशी मागच्या फळीवर होती," पंत म्हणाले. "दाखवलीच नाही. चार लोकांत हसं करायचं होतं त्यांचं. मी म्हणालो..."

"ठावं हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "घरी येऊन त्यांनीच सांगितलं. हासत सांगितलं. मी बी हासले, काका."

मुक्ताबाईंनी रायफल पंतांपुढे ठेवली.

"पयला बार टाकला तवा खांदा काळानिळा झाला व्हता. हळद लावताना इचारलं, लई दुखतंय का? तर म्हनले, छ्या, बायकांची हाय व्हय ती! तुमचंच बोलणं. तवाच म्हनायला पायजे व्हतं, बदलून आना. पर मी काय बोलले न्हाई. पूजेत ठिवली तवा सारी भावकी टकामका बघत व्हती. मला बी लई बरं वाटलं व्हतं." पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "द्या बांधून. कुणी इचारलं तर सांगा, बायकोसाठीच दिली."

बाकावर अनंतराव पेंगत होते. शेवटचं तेवढं त्यांच्या कानावर पडलं आणि ते सवयीनं मोठ्यानं हसले. मग बाईंचं मोकळं कपाळ दिसलं, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पंतांनी रायफल गोणपाटात गुंडाळली, पण गाठ काही बसेना. दोनदा सुतळी सुटली. शेवटी मुक्ताबाईंनीच त्यांच्या हातातून ती घेतली आणि घट्ट गाठ मारली.