ओटा रिकामा का झाला?

नवागामच्या त्या गल्लीत दुपार झाली की उज्ज्वलाच्या ओट्यावर बायकांची बैठक भरायची. कारण साधं होतं, गल्लीतली सगळी सावली तिच्याच दारात पडायची. कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे. मांडीवर साडी पसरून बायका तिच्यावर गमनं खडे चिकटवत बसायच्या, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. कुणाची सून, कुणाची भिशी, गावाकडची, धुळ्यातली लग्नं, सगळ्यांचा निकाल त्या ओट्यावर लागायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायची ती उज्ज्वला.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर! केमो सुरू झाला, केस गेले, आणि थोड्याच दिवसांत बायका समोर चंचलच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तेही भर उन्हात. डोक्यावर पदर ओढून, घाम पुसत काम करायच्या, पण उज्ज्वलाच्या सावलीत पाऊल टाकायच्या नाहीत.

नवरा हेमराज लूमच्या कारखान्यात दिवसभर उभा. घरात उज्ज्वला आणि पंख्याची घरघर. ती दाराच्या फटीतून समोर बघत राहायची. एकदा हिंमत करून आपल्या ओट्यावर येऊन बसली, तर समोरचे आवाज एकदम खाली आले. एकीनं कसंनुसं हसून घेतलं, दुसरीनं मान साडीत घातली. उज्ज्वला उठून आत आली. केमोच्या सुईपेक्षा ते जास्त दुखलं.

चंचल अधूनमधून खिचडी आणायची, पण उंबऱ्याबाहेरच ठेवायची. "डबा राहू दे भाभी, परत देऊ नको," म्हणायची आणि पाठ फिरवायची.

शेवटी उज्ज्वलानं ठरवलं. उरलेला केमो सोडायचा आणि शिरपूरला भावाकडे निघून जायचं.

"डॉक्टर नाही म्हणतील," हेमराज म्हणाला.

"डॉक्टरांना इथं दिवसभर एकटं बसावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना हेमराजनं जवळच्या डिंडोलीत एक निरोप दिला. तिथं कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देणारं एक छोटं मंडळ होतं. त्यातल्या सुभद्राबाईंना कधीकाळी हाच आजार झाला होता. आता ज्याच्यासोबत कुणी नसेल, त्याच्यासोबत त्या दवाखान्यात जायच्या.

दुपारी सुभद्राबाई आल्या तेव्हा पलंगावर भरलेली बॅग होती.

"कुठं निघालीस?"

"भावाकडे. तिथं निदान माणसं आहेत."

"आणि केमो?"

"झाला तेवढा पुरे."

सुभद्राबाईंनी बॅग बाजूला सरकवली आणि तिच्या जागी बसल्या. "केस गेले तेव्हा मी आरशावर चादर टाकली होती. आता सून विचारते, आई, तेल कोणतं लावता?"

उज्ज्वला हसली नाही. "तुमच्या गल्लीनं तुम्हाला वाळीत टाकलं होतं का?"

"तुला टाकलंय?"

उज्ज्वलानं दाराकडे बोट केलं. "बघा ना. सावली सोडून उन्हात भाजून घेतात, पण माझ्याजवळ नको."

"तू विचारलंस त्यांना?"

"काय विचारू? मी अंगाला लागेन का, असं?"

"हो, असंच."

सुभद्राबाई उठल्या, दार सताड उघडं टाकून समोर गेल्या. उज्ज्वलाला आतून सगळं ऐकू येत होतं.

"उनमा काबरं बठनात वं बायाओ?" सुभद्राबाईंनी उन्हात बसण्याचं कारण थेट गावाकडच्या बोलीत विचारलं.

चंचल म्हणाली, "गमचा वास आहे ना मावशी. केमोत वासानं उलट्या होतात, माझी जाऊ सांगत होती. म्हणून इकडं सरकलो."

"आणि हे तिला सांगितलं?"

"आजारी माणसाला काय सांगायचं? उगाच वाईट वाटेल."

आत उज्ज्वला सुन्न झाली. एवढे दिवस तिनं काय काय मनाशी धरलं होतं! पण एक गोष्ट अजून सलत होती. डोक्याला रुमालही न बांधता ती बाहेर आली.

"आणि डबा, चंचल? डब्यालापण गमचा वास येत होता?"

सगळ्यांचे हात थांबले. चंचलनं मांडीवरची साडी बाजूला ठेवली.

"भीती वाटली भाभी. घरात लहान पोरगी आहे. वासाचं खरं होतं, पण भीतीपण खरी होती."

"कॅन्सर डब्यातून पसरत नाही," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "जवळ बसून नाही, हात धरून नाही. माझ्या आजारपणात आमचे हे माझ्याच ताटात जेवायचे. त्यांचं फक्त पोट सुटलं." मग त्या उज्ज्वलाकडे वळल्या. "आणि तू गं? मनातल्या मनात खटला चालवलास, आणि शिक्षा कुणाला? स्वतःलाच. केमो अर्धवट सोडलास तर यांचं काय जाणार आहे?"

डोळे भरून आलेली उज्ज्वला आपल्या ओट्यावर बसली. चंचल गल्ली ओलांडून आली आणि तिला खेटून बसली.

"सोमवारी केमोला दवाखान्यात मी येते. पण तिथं काय बोलायचं मला कळत नाही."

"गप्प बस. तेवढं तुला जमलं तर डॉक्टरपण बघायला येतील," उज्ज्वला म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी गल्लीत तिचं हसू ऐकू आलं.

शिरपूरला ती गेली नाही. गमचं काम समोरच राहिलं, कारण तो वास तिला खरंच सोसत नव्हता. पण काम आटोपलं की बायका हात धुऊन तिच्याकडे चहाला यायला लागल्या. केमोचा त्रास काही कमी झाला नाही. काही संध्याकाळी अजूनही फार लांब वाटायच्या. मात्र सोमवारी सोबत कोण, हा प्रश्न राहिला नाही.

औषध दवाखान्यात मिळतं, पण ते पूर्ण घेण्याचं बळ शेजारी देतो. आपल्याही गल्लीत एखादं दार असं अर्धं लोटलेलं असेल. त्या माणसाला काय हवं, काय सोसत नाही, हे आपणच ठरवून मोकळे होऊ नका, त्यालाच विचारा. भीती वाटत असेल तर माहिती करून घ्या. काय बोलावं सुचत नसेल तर तेच सांगा, आणि नुसते जवळ बसा.