घर नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण माझ्यामागे घर कधीच नव्हते. माझ्यासमोर बैठकीची खोली असते, तीही रंगवलेली. मागे असतो काळा पडदा, दोऱ्या, रंगाचे डबे आणि घाबरलेली माणसे. मी नाटकातला दरवाजा आहे.

आमची नाट्यमंडळी हौशी होती. दिवसभर कोणी दुकान सांभाळत असे, कोणी शाळेत फळा खरडत असे, आणि संध्याकाळ झाली की सगळे एका जुन्या गोदामात जमत. तिथे लाकडी रंगमंच होता, घडीच्या खुर्च्या होत्या आणि एक पंखा होता. तो फिरण्यापेक्षा कुरकुरत जास्त असे. सुतारकाकांनी मला एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून बनवले. चौकटीला मागून दोन तिरके टेकू दिले, म्हणून भिंत नसतानाही मी ताठ उभा राहू लागलो. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पडू मात्र नकोस बाबा. बाकी काय वाटेल ते कर."

माझी खरी कीर्ती झाली ती मामांमुळे. मामा म्हणजे आमच्या मंडळीतले विनोदी नट. सगळे गोदाम त्यांना मामाच म्हणायचे. दिवसा ते दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या खुर्चीत माणसे जीव मुठीत धरून बसत, आणि तीच माणसे संध्याकाळी त्यांना पाहून पोट धरून हसत. मामांनी माझ्यातून नुसते डोके बाहेर काढले, तरी हशा पिकायचा.

एकदा मामांच्या डोक्यात एक गंमत आली. त्यांनी सुतारकाकांकडून माझ्या मागच्या अंगाला एक लोखंडी कडी बसवून घेतली आणि तिच्या शेजारी चौकटीला दुसरी. दोन्ही कड्यांतून लाकडाची एक जाडजूड खीळ घातली, की मी बंद. प्रेक्षकांना ती दिसत नसे. शेवटच्या अंकापूर्वी पडदा पडला की मामा स्वतः मागे येऊन खीळ घालत आणि वळसा घेऊन रंगमंचावर जात. मग अंकात ते मला ओढत, खेचत, चौकटीला पाय लावून लोंबकळत. मी ढिम्म! शेवटी ते दमून पाठ फिरवत. तेवढ्यात सुतारकाका मागून खीळ काढत, आणि मी हळूच, आपोआप उघडत असे. लोक हसून बेजार होत. नंतर नंतर तर मामांनी माझ्या मुठीला हात लावला, की लोक आधीच हसायला लागत. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मामांना दोन भाच्या होत्या. त्यांचे वडील त्या लहान असतानाच घर सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. मामांनी बहिणीला आणि दोघी पोरींना आपल्या घरी आणले आणि वाढवले. थोरली आमच्या नाटकांत कामे करी. धाकटी कपड्यांच्या दुकानात हिशेब बघे, आणि एरवी गोदामाच्या कोपऱ्यात बसून काहीतरी लिहीत असे. कोणी वाकून पाहिले की पान झाकून घेई.

एका हंगामात आमच्या मंडळीने तीन विनोदी नाटके आणि एक नवे कोरे नाटक करायचे ठरवले. नवे नाटक धाकटीचे होते. अध्यक्षांनी आधी नाक मुरडले. ते भांड्यांच्या दुकानाचे मालक, आणि लोक आपल्याकडे हसायलाच येतात, असे त्यांचे पक्के मत होते.

"कर बाई तुझं नाटक," ते म्हणाले. "पण ऐन गंभीर जागी लोक हसले, तर पुढच्या हंगामापासून नवीन नाटकं बंद. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

धाकटीने मान डोलावली. 

नाटक असे होते. एक बाप बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असतो. म्हातारपणी तो परत येतो आणि रोज दार वाजवतो. मुलगी दार उघडत नाही. शेवटच्या अंकात दार वाजतच नाही. ती वाट पाहते, आणि अखेर स्वतःहून दार उघडते. उंबऱ्यात कोणीही नसते. पडदा.

मुलीचे काम थोरली करणार होती. बाप रंगमंचावर येतच नाही, नुसते दार वाजते. तरी मामांनी विचारले, "मला काही छोटंमोठं काम? शेजारी, पोस्टमन, काहीही?"

"नको, मामा," धाकटी म्हणाली. "तू दिसलास की लोक हसतात."

मामा हसले. पण मग ते माझ्यामागे आले आणि बराच वेळ माझ्या टेकूला धरून उभे राहिले. समोरून दिसणारी माणसे मागून कशी दिसतात, हे फक्त मला ठाऊक असते. थोड्या वेळाने त्यांनी पलीकडे हाक मारली, "मग दार तरी मी वाजवतो! माझ्या बोटांना तर कोणी हसणार नाही ना?" धाकटीने होकार दिला.

प्रयोगाचा दिवस उजाडला. गोदाम गच्च भरले होते. आदल्याच संध्याकाळी याच खुर्च्यांवर याच माणसांनी मामांना माझ्याशी झटापट करताना पाहिले होते. रंगमंचावर मला पाहून एक-दोघांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.  पण पहिला अंक नीट पार पडला. मामांनी दार वाजवले, आणि लोक गप्प होत गेले. दुसऱ्या अंकात तर पंख्याची कुरकुर सोडून कसलाही आवाज नव्हता.

मग शेवटच्या अंकापूर्वीचा पडदा पडला. मामांचे डोळे ओले होते. ते नाटकातच हरवले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे माझी चौकट सरळ केली, टेकू तपासले, आणि त्यांचा हात नेहमीप्रमाणे रंगाच्या डब्यावर गेला. तिथली खीळ त्यांनी उचलली आणि माझ्या दोन्ही कड्यांतून सरकवली.

 कितीतरी प्रयोगांची ती सवय होती. याच वेळी, याच जागी हात हेच काम करायचा. मामांना त्याचा पत्ताही नव्हता. ते डबा उलटा करून त्यावर बसले, डोळे मिटले आणि ऐकू लागले.

पडदा वर गेला.

मित्रांनो, दरवाज्याला तोंड नसते, याचे एवढे वाईट मला कधी वाटले नव्हते. थोरली एकेक वाक्य बोलत माझ्याकडे सरकत होती, आणि मला कळत होते की ती मूठ धरील, ओढील आणि मी उघडणार नाही. मग लोकांना मामांची झटापट आठवेल आणि हशा पिकेल. धाकटी विंगेत उभी होती. ओढणीचे टोक तिने दातांत धरले होते. सुतारकाका दूर पडद्याच्या दोरीपाशी होते. मी बिजागरी कुरकुरवून पाहिली. मामांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

थोरलीचे शेवटचे वाक्य झाले. ती माझ्यासमोर आली. तिने मूठ धरली आणि ओढली.

मी हललो नाही.

तिने पुन्हा ओढले. कड्या खडखडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसले. आणखी एकाने त्याला साथ दिली. पुढच्या खुर्चीत अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. 

खडखडाटाने मामा दचकले. त्यांनी खीळ पाहिली आणि त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. झडप घालून त्यांनी ती धरली. पण थोरली पलीकडून जिवाच्या आकांताने ओढत होती, त्यामुळे कड्यांमध्ये खीळ घट्ट आवळली गेली होती. तिने ओढणे थांबवल्याशिवाय ती निघणे शक्य नव्हते. आता तिला हे सांगायचे कसे? बोलावे तर आवाज सगळ्यांना ऐकू जाणार, आणि तो आवाज मामांचा! त्या आवाजाने या गोदामाला आजवर फक्त हसवले होते.

मामांनी कपाळ माझ्या फळीला टेकवले. त्यांच्या छातीची धडधड मला लाकडातून जाणवत होती.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "ओढू नकोस. सोड जरा."

आता लोक हसणार, असे मला वाटले. पण कोणीच हसले नाही. नाटकभर दार वाजवणारा बाप पहिल्यांदाच बोलला होता. मागची फिसफिसही मध्येच थांबली.

थोरलीचा हात मुठीवर तसाच राहिला. मामा तिला लहानपणापासून 'पोरी' अशीच हाक मारत.  मग तिने एकेक बोट उचलत हात काढून घेतला आणि एक पाऊल मागे झाली.

कड्या सैल पडल्या. दात काढताना मामा आधी तो हळूच हलवून पाहत, तशी त्यांनी खीळ हलवली आणि बाहेर काढली. मी आपोआप, सावकाश उघडलो. हजार वेळा तसाच उघडलो होतो.

मामांना बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. उंबऱ्यात ते उभे होते. अंगात मळका सदरा, हातात खीळ. त्यांनी डोळे फिरवले नाहीत, तोंड वेडेवाकडे केले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रंगमंचावर काहीच केले नाही. फक्त भाचीकडे पाहत राहिले.

थोरलीला पुढे वाक्यच नव्हते. ती रडत होती, आणि ते रडणे नाटकातले नव्हते.

"आत ये," ती म्हणाली.

सुतारकाकांनी पडदा सोडला. गोदामात इतकी शांतता पसरली, की दोरी कप्पीवरून सरकताना ऐकू आली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

धाकटी मात्र तडक माझ्यामागे आली. ती संतापली होती.

"मामा, तू मुद्दाम केलंस? तुला काम दिलं नाही म्हणून?"

मामांनी हातातल्या खिळीकडे पाहिले. खरे काय ते मला एकट्याला माहीत होते, आणि माझा काही उपयोग नव्हता.

"हातानं आपसूक घातली गं," ते म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं. मी तुझं नाटक ऐकत होतो."

"तिथे कोणी नसायला हवं होतं. उंबऱ्यात कोणीच नव्हतं, हेच तर मला सांगायचं होतं."

थोरली डोळे पुसत आली. "बाबा गेले त्या दिवशी आपण दोघी दाराशीच बसलो होतो," ती म्हणाली. "संध्याकाळी दारात कोण आलं होतं गं? आठवतंय ना?"

 धाकटीने मामांच्या हातातली खीळ घेतली. मला वाटले, आता ती फेकून देणार. पण तिने ती माझ्या कड्यांत सरकवली, काढली, पुन्हा सरकवून पाहिली.

"उद्या ही जरा सावकाश काढ," ती मामांना म्हणाली. "आज घाई केलीस."

पुढच्या हंगामात अध्यक्षांनी स्वतःहून दोन नवी नाटके घेतली. धाकटीचे नाटक पुढे बरीच वर्षे चालले, आणि मामा प्रत्येक प्रयोगात माझ्या उंबऱ्यात उभे राहिले. नंतर त्यांचे गुडघे दुखू लागले. मग त्यांचे येणेच थांबले. आता चाकांवर सरकणारे नवे दरवाजे आले आहेत. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून असतो. बिजागऱ्या गंजल्या आहेत. माझ्या कड्या कशासाठी आहेत, हे आता कोणाला ठाऊक नाही.

कधीमधी तालमीला आलेली मुले माझ्याशी खेळतात. मी चटकन उघडत नाही, तेव्हा ती मला हिसके देतात, लाथाही मारतात. मित्रांनो, तेवढे करू नका. बिजागरीला तेलाचा एक थेंब सोडा. आणि एखादे दार उघडत नसेल, तर हात काढून घ्या आणि जरा थांबा. पलीकडे कोणीतरी खीळ काढत असेल.