हातांवरचं हरकूस

बेयाचा वीस वर्षांचा नियम एकच, चेहरा दाखवायचा नाही. बायकांवर जीव जडलेल्या बायकांना तिने सिनेमात आणलं ते पाठमोरं, नाहीतर नुसत्या हातांनी. स्वतः ती मोर्च्यात उघड्या तोंडाने पुढे असायची, वर्गात शिकवताना मुलांनी विचारलंच तर आपलं सरळ सांगून टाकायची. दुसरीचं सांगायचा हक्क मात्र तिचा नव्हता.

आज ट्युनिसमधल्या त्या छोट्या सभागृहात नव्या सिनेमाचा पहिला खेळ होता, सहाला. चारपासून बेया उगाच खुर्च्या इकडच्या तिकडे करत होती. पडद्यावर चाचणी चालली होती. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या दलेंदाचे काळ्या नक्षीचे हात तिच्या मैत्रिणीचे केस विंचरत होते. चार मिनिटं, शब्द नाही. सिनेमाचा जीव तिथेच होता.

केर काढणारी वसीला मावशी झाडू टेकून थांबली.

"हे मन्नूबियाचं हरकूस. लग्नघरी काळी नक्षी काढणाऱ्या छप्पन्न आहेत, पण माशाची शेपटी अशी वळवते ती हीच. रमजानआधीच्या लग्नात दोघींनाच काढली होती. एक नवरी, दुसरी ती औषधाच्या दुकानातली..."

"मावशी." बेयाने तिला अडवलं.

"मी काय पाहिलं? मी झाडत होते." मावशी पुन्हा वाकली. "पण बाई, गल्लीतल्या सगळ्याच काही झाडत नसतात."

नक्षी सुंदर दिसते म्हणून बेयानेच कॅमेरा इतका जवळ नेला होता. तिने दलेंदाला फोन लावला.

"निघतेच आहे, मॅडम. आईलाही आणतेय."

बेयाने सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"चेहऱ्याचं दहादा विचारलंत," दलेंदा हलक्या आवाजात म्हणाली. "हातांचं नाही विचारलंत."

"आता विचारतेय."

"मन्नूबियाचं काम आई रस्त्यापलीकडून ओळखते." तिने गिऱ्हाईकाला बाटली दिली. "झाका. पण कापू नका. तेवढा वेळ माझा राहू दे."

खेळात त्या चार मिनिटांपुरता पडदा काळा झाला. कंगव्याचा आवाज तेवढा येत राहिला. लोक चुळबुळले, कुणी शीळ घातली. बेया दाराशी उभी होती, तिला बसवत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत दलेंदाची आई म्हणाली, "मशीन बिघडलं वाटतं."

"नाही गं."

आईने कान दिला. "कुणीतरी केस विंचरतंय."

"हो," दलेंदा म्हणाली आणि हात मांडीखाली सरकवले.