हृदय दाखवणारा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे; कापडाचा नव्हे, हृदयाचं चित्र दाखवणारा मॉनिटर. बुऱ्हाणपूरच्या एका इस्पितळात, हृदयात नळी घालून तपासतात त्या खोलीत, मी टांगलेला असतो. नवा आलो तेव्हा काय माझं कौतुक! आता कोपऱ्यात डाग पडलाय, तर म्हणतात, "बदलून टाका याला." टाका बापडे! पण आधी माझं ऐका.

आमच्या खोलीची एक रीत आहे. नळीतून रंगाचं औषध सोडण्याआधी डॉक्टर तुषार विचारतात, "हवा?" म्हणजे, नळीत हवेचा बुडबुडा राहिलाय का? वैजयंती सिस्टर नळी निरखून म्हणतात, "नाही!" मगच औषध सुटतं. वर्षानुवर्षं तेच चाललेलं.

त्या दिवशी टेबलावर जसोंडी गावचे सुपडूभाऊ होते. केळीवाले, बोलायला भारी! "साहेब, बाहेर माही बायको रंभा घाबरून बसली. तिला सांगजा, म्हातारा आत गप्पा हाणू राहिला!"

सगळे खो खो हसले. हसता हसताच तुषारांनी विचारलं, "हवा?"

"नाही!" सिस्टर म्हणाल्या. नळीकडे न बघता!

देवा रे! माझ्यावर त्या औषधाची काळी धार उमटली आणि तिच्यात फिकट बुडबुडे! हवेनं हृदयाची रक्तवाहिनी अडवली, धार मध्येच थांबली. मला तोंड असतं तर किंचाळलोच असतो.

"साहेब... छातीवर कोन बसलं..." सुपडूभाऊंचा आवाज तुटला. रक्तदाब घसरला.

"हवा गेली!" तुषार ओरडले, पण हात थांबले नाहीत. औषध सोडणं बंद केलं, ऑक्सिजन पूर्ण लावला, सिरिंजनं बुडबुड्यांसकट रक्त मागं ओढलं, दाब वाढवायचं औषध दिलं. सिस्टर मागितलेलं हातात देत होत्या. मग नळी तपासून जपून पुन्हा रंग सोडला. धार टोकापर्यंत पोहोचली. सुपडूभाऊंचा श्वास सुरळीत झाला.

"काका, नळीत हवा राहिली होती. चूक आमची," तुषार म्हणाले.

सुपडूभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रंभाला बी खरंच सांगजा. रडीन ती, पन ऐकून घेईन."

दुसऱ्या दिवशी टेबलावर नवा माणूस होता. "हवा?" सिस्टरनी नळी उजेडात धरली, टिचकी मारली, पुन्हा बघितलं.

"आहे, सर. थांबा."

हे उत्तर मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं!

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण सवयीनं "नाही" म्हणू नका, आधी बघा. बाहेर बाकावर कुणाची तरी रंभा बसलेली असते.