कंगव्याचे घर

जुन्या बाजारात तिला सगळे 'भिंगबाई' म्हणत. चामड्याच्या जुन्या वस्तू दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय आणि जुने पोलिसी पट्टे ओळखणे हा तिचा नाद. असा पट्टा हाती आला, की ती बक्कल पाहत नसे. आधी पट्टा उलटा करून पाठ पाहत असे. इंचात टाके किती, भांडाराचा शिक्का दाबून उमटवलेला की जाळून, कडेचे मेण नखाला लागते की नाही, एवढे तपासून ती वस्तूचे वर्ष सांगे आणि सहसा चुकत नसे. होल्स्टरच्या बाबतीत तिचा नियम याहून कडक होता. आत बोट घालायचे. रिव्हॉल्व्हरच्या फुगीर चक्राने वर्षानुवर्षे दाबून चामड्यात एक घर केलेले असते. ते बोटाला लागले तर वस्तू खरी. नाही तर नाटकातली.

तिची मावशी पोलिसांतल्या पहिल्या महिला तुकडीतली. त्या तुकडीसाठी प्रशिक्षण केंद्राच्या संग्रहालयात रविवारी एक दालन उघडणार होते. छायाचित्रे भिंतीवर लागली होती, पण मधल्या काचेच्या कपाटात ठेवायला त्या मुलींचा एकही पट्टा उरला नव्हता. भांडारातला जुना माल कधीच गोण्या भरून लिलावात गेला होता. संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले, "काही मिळालं नाही, तर पुरुषांचा एखादा पट्टा ठेवू. कुणाला कळणार आहे?" मावशीने त्यांना तिथल्या तिथे ऐकवले, "मला कळेल. माझी भाची आणते खरा पट्टा."

गुरुवारी सकाळी मावशी कार्यशाळेत आली. भाचीने मऊ कापडात गुंडाळलेला पट्टा आणि होल्स्टर तिच्यासमोर मांडले. चार शहरांतल्या विक्रेत्यांना पत्रे लिहून, दोनदा फसून मिळवलेली ही जोडी होती.

"शिक्का बघ मावशी. तुमच्याच वर्षाचा. एक ओरखडा नाही."

मावशीने पट्टा हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. "शिक्का आमचा असेल. पट्टा आमचा नाही."

"असं कसं? भिंगाखाली घालून बघितलाय मी."

"भिंग बाजूला ठेव आणि कमरेला लावून बघ. हे सगळ्यात आतलं भोक. तुझ्या बापाला बसलं असतं. आम्ही एकवीस-बावीस वर्षांच्या, नुसत्या काटक्या. पट्टे दिले पुरुषांचे. भांडारातला कारकून म्हणायचा, सरकारी मालाला भोक पाडलं तर दंड."

"मग?"

"मग काय, पाडलं. न्हाणीघरात, खिळा तापवून. चोवीसच्या चोवीस जणींनी. एकीला दंड करता येतो गं, अख्ख्या तुकडीला करून तो संचलनाला उभं कुणाला करणार?"

भाची हसली, पण तिच्या मनात काहीतरी टोचले. तिने होल्स्टर पुढे केले. मावशीने आत बोट घातले आणि ती एकदम खोखो हसत सुटली.

"अगं, यात बंदूक होती!"

"होल्स्टरमध्ये बंदूक नाही तर काय असणार?"

"आम्हाला पहिली तीन वर्षं बंदूक दिलीच नव्हती! होल्स्टर तेवढं दिलं, रांग एकसारखी दिसावी म्हणून. रिकामं होल्स्टर कसं दिसतं ठाऊक आहे? हवा गेलेल्या फुग्यासारखं. म्हणून आत काहीतरी कोंबायचो. बहुतेकींचा कंगवा. एकदा साहेबांनी अचानक 'शस्त्र दाखवा' म्हटलं आणि माझ्या शेजारणीने सरळ आत हात घातला."

"आणि कंगवा काढला?"

"सॅल्यूटसकट! पुढं बंदुका आल्या, तेव्हा पट्टे-होल्स्टरही नवे आले. जुने भांडारात गेले ते गेलेच."

भाची आता हसत नव्हती. पंधरवड्यापूर्वी लिलावाच्या मालातून एक जोडी तिच्या हाती आली होती. पट्ट्यावर तीन वेडीवाकडी, जळक्या कडांची भोके. होल्स्टरमध्ये चक्राचे घर नाही, नुसत्या बारीक समांतर रेघा. दोन मिनिटांत तिने निकाल दिला होता: नाटकातला माल. आणि नाटकातला माल जिथे जायला हवा, तिथे तो तिने स्वतःच्या हाताने पोचवलाही होता.

"मावशी," ती म्हणाली, "मी तो देऊन टाकला."

सगळे ऐकून घेतल्यावर मावशी फक्त एवढेच म्हणाली, "चपला घाल."

नाटक कंपनीचे कोठार दोन गल्ल्या पलीकडे होते. कपडेपट सांभाळणारे काका इस्त्री करत होते. जोडीचे नाव काढताच त्यांनी इस्त्री उभी केली. "ती? ती आमच्या फौजदाराच्या कमरेला आहे. तालीम चाललीय. बरं झालं आलात. ती मधली भोकं फार वाईट दिसतात हो. आज दुपारी लाख भरून बुजवणारच होतो."

"हात लावू नका!" मावशी आणि भाची एकदमच ओरडल्या.

कोठारामागच्या रंगमंचावर एक अवाढव्य नट दोन चोरांना दरडावत होता. मावशी बाजूच्या पायऱ्यांनी वर चढली. तिची चाल पाहून त्या फौजदाराने आपोआप टाचा जुळवल्या.

"पट्टा उतरव," मावशी म्हणाली.

"बाई, अहो, विजार त्याच्याच भरवशावर आहे!"

भाचीने जरा वेळ पिशवी छातीशी धरली. मग आतली ती ओरखडा नसलेली जोडी काढून नटाच्या हातात दिली. "ही घ्या. याहून खरी शोधून सापडणार नाही." मागोमाग आलेल्या काकांनी पट्ट्याच्या पाठीवरची शिलाई पाहून मान डोलावली, त्यांनाही कळत होते आपल्याला काय मिळाले ते.

खिडकीच्या उजेडात भाचीने उतरवलेल्या जोडीला भिंग लावले. शिक्का झिजलेला, पण वर्ष तेच. भोकांच्या कडा आतून कोळपलेल्या. होल्स्टरमध्ये रेघांची ओळ: अर्धी रुंद दातांची, अर्धी बारीक. जे दिसत होते ते पंधरवड्यापूर्वीही इथेच होते. ओळखायला तिला मावशी लागली, आणि याचे तिला वाईट वाटण्याऐवजी फार बरे वाटत होते.

"तुझंच का गं?"

"छे! माझ्या कंगव्याचे दात केव्हाच पडले होते. पण रविवारी बघ, भांडणं लागतील."

आणि लागलीच. रविवारी तुकडीतल्या अकरा जणी आल्या. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्याला धरून. कपाटाशी येताच मावशीसकट बारा जणींचा आवाज एक झाला.

"ही माझीच! माझा कंगवा असाच होता, अर्धा-अर्धा."

"तुझे केस तरी होते का तेव्हा कंगव्याएवढे?"

"मधलं भोक बघ, तिरकं. खिळा हिनेच धरला होता, हिचा हात तेव्हाही कापायचा."

"मी धरला म्हणून निदान भोक पडलं! तू नुसती दारावर पहारा देत होतीस."

प्रमुख उघड्या कपाटाशी किल्ली घेऊन उभे होते. बाहेर पाहुणे खोळंबले होते. त्यांनी हळूच म्हटले, "नक्की कुणाचा, ते पाटीवर लिहायला हवं होतं."

"बारा जणींचा लिहा," मावशी म्हणाली.

"चोविसांचा," काठीवाली म्हणाली. मग त्यांच्यातल्या सर्वांत बुटकीने पट्टा उचलला आणि साडीवरून कमरेला आवळला. जळकी भोके मागेच राहिली. बक्कल अगदी टोकाच्या भोकात कसेबसे बसले.

"आता सरकारी भोकंसुद्धा पुरत नाहीत गं!" ती म्हणाली, आणि दालनभर हशा उसळला.

मग पट्टा दुसरीने मागितला, तिच्याकडून तिसरीने. इतके जुने चामडे असे वाकवू नये, हे भिंगबाईला नीट ठाऊक होते. पण 'आता थांबवा' अशा नजरेने प्रमुखांनी तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिने त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची ओढली.